पाण्याची वाट बघताना

लोणारच्या धारेला आम्ही लहानपणी वर्षातून एकदा तरी जायचो. मेहकरहून एसटी पकडायची, उतरून धारेच्या पायऱ्या गाठायच्या. तिथे दगडी गोमुखातून बारा महिने पाणी पडतं. त्याखाली उभं राहायला बायकापोरांची रांग असायची. धार डोक्यावर पडली की क्षणभर श्वास अडकायचा. मागून कुणीतरी म्हणायचं, "सरक गं पोरी आता," आणि आपण निथळत बाजूला व्हायचं. रांगेतली कोण कुठल्या गावची, हे कुणी कुणाला विचारत नसे. तरी आईची पिशवी कुणीतरी धरलेली असे आणि कुणाचं तरी बाळ आईच्या कडेवर असे.

पन्नासेक वर्षांनी हे सगळं शिकागोत, काचेच्या दोन मनोऱ्यांमध्ये उभं असताना आठवलं.

भाची शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहते. जुलैतल्या एका बुधवारी तिने रजा टाकली. "मावशी, आज तुला आमचा चौक दाखवते," म्हणाली. दुपारच्या दुमजली लोकलमध्ये आम्ही तिघं चढलो. ती, मी आणि तिचा सात वर्षांचा मुलगा. त्याच्या पाठपिशवीत टॉवेल आणि कोरडे कपडे होते. चौक बघायला जाताना टॉवेल कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. युनियन स्टेशनला उतरलो, नदीवरचा पूल ओलांडला आणि उंच इमारतींच्या सावलीतून पूर्वेकडे चालत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी सावली एकदम संपली, समोर आकाश मोकळं झालं आणि मिशिगन सरोवरावरचा वारा तोंडावर आला. रस्त्यापलीकडे मिलेनियम पार्क होतं.

साडेचोवीस एकरांचं हे उद्यान म्हणजे खरं तर एक गच्ची आहे. खाली रेल्वेचे रूळ आणि वाहनतळ, वर माती, झाडं, कारंजी, रंगमंच. पूर्वी इथे शहराच्या मधोमध रुळांचा उघडा पट्टा होता. नव्या सहस्रकाच्या मुहूर्तावर उद्यान खुलं करायचं ठरलं होतं, ते खुलं झालं जुलै २००४ मध्ये. सुरुवातीचा अंदाज १५ कोटी डॉलरचा होता, खर्च साडेसत्तेचाळीस कोटींच्या आसपास गेला. त्या दिरंगाईवर आणि खर्चावर शहरात खूप टीका झाली. आज तिथे माणसं अशी वावरतात, की ही जागा कायमचीच होती असं वाटावं.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, मन्रो स्ट्रीटला लागून, क्राउन फाउंटन आहे. काचेच्या विटांचे दोन मनोरे समोरासमोर उभे, प्रत्येकी ५० फूट उंच. मधे काळ्या ग्रॅनाइटचं २३२ फूट लांब आणि ४८ फूट रुंद अंगण. त्यावर पाण्याचा इतका पातळ थर, की पाऊलही पुरतं बुडत नाही. मनोऱ्यांच्या एकमेकांसमोरच्या बाजूंवर, विटांच्या आतून, माणसाचा चेहरा उजळलेला असतो. नुसता चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाच मजली.

आम्ही पोचलो तेव्हा उत्तरेच्या मनोऱ्यावर एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई होती. ती बघत होती. पापणी लवायची ती इतकी सावकाश, की दूरवरच्या शेतावर ढगाची सावली सरकावी. ओठांच्या कडेला एक बारीक सुरकुती होती आणि ती माझ्या उंचीएवढी होती. भाचीचा मुलगा एव्हाना चपला काढून पाण्यात पोचला होता. तिथून तो ओरडला, "आजी, ही राणी आहे का?"

मी म्हटलं, "का रे?"

"एवढी मोठी आहे ना!"

पोराचं गणित चुकीचं नव्हतं. एवढा मोठा चेहरा आपणही बघतो, पण कुणाचा? चौकात फ्लेक्सवर नेत्याचा वाढदिवस असतो, नाहीतर सिनेमातला नट साबण विकत असतो. मोठा चेहरा म्हणजे मोठा माणूस, हे आपल्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेलं असतं. ही बाई राणी नव्हती. ती शिकागोत राहणारी कुणीतरी होती, आणि मनोऱ्यावर तिचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हे कारंजं बार्सिलोनाच्या जाउमे प्लेन्सा यांनी रचलं. युरोपातल्या जुन्या कारंज्यांमध्ये दगडी मुखांतून पाणी पडतं. ती दगडी मुखं देवादिकांची, राक्षसांची, प्राण्यांची. प्लेन्सा यांनी त्या जागी शहरातल्याच माणसांची तोंडं आणली. २००१ पासून स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या निरनिराळ्या समाजगटांतल्या हजारावर लोकांचं चित्रीकरण केलं. खालीवर होणाऱ्या एका खुर्चीत एकेकाला बसवायचं, कॅमेरा चेहऱ्यावर धरायचा आणि शेवटी ओठांचा चंबू करायला सांगायचं. खुर्ची खालीवर होणारी हवी, याला कारण होतं. पाण्याची तोटी मनोऱ्यात एकाच जागी पक्की बसवलेली आहे. म्हणजे लहान मुलगी असो, उंच म्हातारा असो, प्रत्येकाचं तोंड पडद्यावर नेमकं त्या तोटीवरच यायला हवं. केलेल्या चित्रीकरणांपैकी ९६० वापरण्याजोगी निघाली.

माझा खरा अभ्यास झाला तो यंत्राच्या वेळापत्रकाचा. पायऱ्यांसारख्या बाकावर बसून मी घड्याळ लावून बघितलं. एक चेहरा पाच मिनिटं राहतो. मूळ चित्रण त्याच्या मानाने अगदी लहान. त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा एक तृतीयांश वेगाने पुढे आणि मग उलट मागे चालवून चार मिनिटं भरतात. म्हणून ती पापणी तशी लवते. मग ओठ आवळले जातात, पंधरा सेकंद. मग तोंड उघडतं आणि अर्धा मिनिट धार पडते. शेवटी पंधरा सेकंदांचं हसू. नंतर चेहरा विझतो, मनोऱ्याच्या माथ्यावरून पाण्याचा पडदा ओघळतो आणि नवा चेहरा येतो. कुणाचा, ते आधी सांगता येत नाही.

पहिली चार मिनिटं अंगणात मुलं पांगलेली असतात. कुणी पळतंय, कुणी पालथं पडून पाण्यावर हात आपटतंय. मग मनोऱ्यावरचे ओठ जरासे हलतात, आणि एखादं पोर ओरडतं. त्या ओरडण्याला भाषा लागत नाही. सगळी मुलं धावत मनोऱ्याच्या पायथ्याशी गोळा होतात, माना वर करून. साडीतली एक आजी होती, डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण आई होती, टाय सैल करून बूट हातात घेतलेला एक ऑफिसातला माणूस होता. सगळे त्या पंधरा सेकंदांत गप्प झाले. आणि धार पडली. अंगण एका आवाजात किंचाळलं.

तिसऱ्या चेहऱ्याच्या वेळी भाचीचा मुलगा गर्दीत मागे राहिला. एका अनोळखी मुलीने, असेल दहाएक वर्षांची, त्याचा हात धरून त्याला पुढे ओढलं आणि धारेखाली उभं केलं. धार संपल्यावर ती आपल्या वाटेने गेली. दोघांत एक शब्दही झाला नाही. टॉवेल कशाला घेतला होता, ते मला कळलं, आणि लोणारची रांगही तेव्हाच आठवली.

यंत्र आलं की वाट बघणं संपलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. तिकीट लगेच, पैसे लगेच, उत्तर लगेच. इथे कुणीतरी बुद्धी आणि पैसा ओतून, संगणकाला हाताशी धरून, लोकांना पाच-पाच मिनिटं वाट बघायला लावली आहे. त्या वाट बघण्यातच अनोळखी माणसं एकमेकांच्या शेजारी येऊन उभी राहतात. धार ही नंतरची गोष्ट.

हे मला एवढं लागण्याचं कारण सांगते. आमच्या प्रभागातल्या बागेच्या समितीवर मी सहा वर्षं होते. बाग जुनी, मधे पिंपळाचा पार. संध्याकाळी पारावर म्हातारी माणसं, खाली पत्त्यांचा डाव, कडेला मुलांची लपाछपी. मग बाग 'स्मार्ट' करायचं ठरलं. पारासमोर एक खांब आला. त्यावर डिजिटल पाटी, वायफायचं यंत्र, दोन कॅमेरे. खांबाच्या पायासाठी पाराची एक बाजू तोडली. पाटीवर हवेतल्या धुळीचे आकडे यायचे आणि मधूनमधून जाहिराती. दुसऱ्या पावसाळ्यात पाटी बंद पडली, ती मी समिती सोडेपर्यंत बंदच होती. कॅमेरे चालू असतील किंवा नसतील, पण त्यांच्या नजरेखाली पत्ते खेळायला नको वाटून ती मंडळी तिथून उठली. खांब बसवायला माझीही संमती होती. कागदावर सगळं चांगलं दिसत होतं. पारावर बसणाऱ्यांना काय हवं, हे आमच्यापैकी कुणीच त्यांच्या शेजारी बसून विचारलं नव्हतं, ही बोच अजून आहे.

म्हणून भाचीने क्राउन फाउंटनची जी हकिकत सांगितली ती मी कान देऊन ऐकली. २००६ च्या अखेरीस या मनोऱ्यांच्या माथ्यावर पाळत ठेवणारे कॅमेरे बसवले गेले. शिकागोकरांनी हरकत घेतली. हजार माणसांनी विश्वासाने आपला चेहरा जिथे दिला, तिथूनच आपल्यावर नजर ठेवायची, हे त्यांना रुचलं नाही. थोड्याच दिवसांत कॅमेरे उतरवले गेले. मनोरे तेच, विजेची जोडणी तीच, शहरही तेच. पण चेहरा देणं आणि पाळतीखाली असणं यांतला फरक लोकांना लगेच कळला होता.

याच शहरात २०१६ पासून रस्त्यांवरच्या खांबांवर हवा, आवाज आणि रहदारी मोजणाऱ्या पेट्या बसल्या. शिकागो विद्यापीठ आणि आर्गॉन प्रयोगशाळेचा तो 'अ‍ॅरे ऑफ थिंग्ज' प्रकल्प. पेटीत कॅमेरा होता, पण चित्राची मोजदाद पेटीतच करायची, बाहेर फक्त आकडे पाठवायचे आणि चित्र पुसून टाकायचं, अशी रचना होती. खासगीपणाचे नियम आधी मसुद्याच्या रूपात लोकांपुढे मांडले होते, त्यासाठी सभा घेतल्या होत्या. आमच्या बागेतल्या खांबाबद्दल अशी एक सभा झाली असती, तर पाराची बाजू वाचली असती.

उन्हं कलली तसे आम्ही उद्यानात आत गेलो. वाटेत अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' लागलं. १६८ पोलादी पत्रे जोडून, सांधे घासून नाहीसे करून केलेला हा आरसा. लोक त्याला 'बीन' म्हणतात, घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून. कपूर मुंबईत जन्मलेले. या आरशात ना वीज, ना पडदा, तरी माणसं तिथेही तेच करत होती. गर्दीत स्वतःला शोधत होती, आणि शोधताना शेजारच्याचं प्रतिबिंब बघून हसत होती.

त्यापुढे प्रिट्झकर पॅव्हिलियन. फ्रँक गेरी यांनी रचलेला खुला रंगमंच, मागे पोलादाच्या पाकळ्या उसळलेल्या. समोर चार हजार खुर्च्या आणि त्यामागे सात हजार माणसं बसतील एवढं हिरवळीचं मैदान. बुधवार होता, ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हलची मैफल होती. १९३५ पासून चालत आलेला हा उन्हाळी संगीतोत्सव; हिरवळीवर बसायला पैसे पडत नाहीत. आम्ही चादर अंथरली. भाचीने डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या चादरीवर टरबुजाच्या फोडी होत्या; थोड्या वेळाने दोन फोडी इकडे आल्या आणि एक दशमी तिकडे गेली. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर बसलो की शेजाऱ्याशी जी ओळख होते, तशीच ही झाली.

मैदानावर वर बघितलं तर पोलादी नळ्यांची एक प्रचंड जाळी आकाशात कमान धरून होती. ती शोभेची असावी असं आधी वाटलं. तिला ध्वनिक्षेपक टांगलेले होते. एवढ्या मोठ्या मैदानात एरवी जागोजाग खांब उभारावे लागतात, आणि पुढच्यांचे कान फाटतात तेव्हा कुठे मागच्यांना ऐकू येतं. इथे हिरवळीवर एकही खांब नाही. गंमत पुढे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतली वीज त्याच्या कितीतरी आधी पोचते. डोक्यावरचा ध्वनिक्षेपक आधी बोलला, तर कानाला वाटेल की व्हायोलिन आकाशात वाजतंय. म्हणून संगणक प्रत्येक ओळीतल्या ध्वनिक्षेपकांना, रंगमंचापासूनच्या त्यांच्या अंतराप्रमाणे, सेकंदाच्या अंशाने थांबवून धरतो. रंगमंचावरचा आवाज पोचतो, तेवढ्यात हाही मिसळतो. जोडीला बंद सभागृहाच्या भिंतींवरून येतो तसा घुमारही ती यंत्रणा हलकेच तयार करते.

मी डोळे मिटून ऐकलं. आवाज समोरूनच येत होता. आमच्यापासून रंगमंच एवढा लांब, की वादकांचे चेहरेही ओळखू येत नव्हते, पण धनुकली तारेवर टेकतानाची कुजबुज कानाशी होती. मधे एक बाळ रडलं, त्याची आई त्याला घेऊन झाडांकडे गेली, आणि संगीत तिच्या मागोमाग तिथवर गेलं. इथेही यंत्राचं काम थांबण्याचंच होतं, माणसाच्या कानाला बरोबर वाटेल तेवढं. जत्रेतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर छातीत धडधड होऊन मी कितीदा घरी परतले आहे. त्या रात्री त्या हिरवळीवर मला वाटलं, की आवाज वाढवण्याच्या तंत्राबरोबर आवाज सावरण्याचंही तंत्र आपल्या चौकांना मिळायला हवं.

मैफल संपल्यावर नदीकडे जाण्याआधी आम्ही दक्षिणेकडे जरासा वळसा घेतला. तिथे आर्ट इन्स्टिट्यूटचे कांस्य सिंह दिसले. संग्रहालय मिटलेलं होतं. याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेपुढे पहिलं भाषण केलं. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी २०१० मध्ये, त्याच तारखेला, ते भाषण आतल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. अक्षरांचे पाच रंग अमेरिकी सरकारच्या तेव्हाच्या दहशतवादविषयक इशाऱ्याच्या पातळ्यांचे. सहिष्णुतेचे शब्द भीतीच्या रंगांत. ते वाचायचे तर पायऱ्या चढायला हव्यात, एकेक. मी ती मांडणी फक्त छायाचित्रांत पाहिली आहे, पण सिंहांजवळ उभं राहून वाटलं, की वाचणाऱ्याचं पाऊल सावकाश पडावं, हे कल्लाटांनाही हवं असणार.

तिथून नदीकाठी पोचलो तेव्हा काळोख पडला होता. पलीकडे १९३० सालची मर्चंडाइज मार्टची अवाढव्य इमारत. नऊच्या सुमारास तिच्या दर्शनी भिंतीवर रंग उमटू लागले. 'आर्ट ऑन द मार्ट' हा उपक्रम २०१८ च्या सप्टेंबरपासून चालू आहे. चौतीस प्रक्षेपक अडीच एकर भिंतीवर चित्रं टाकतात. शहराशी झालेला करार तीस वर्षांचा आहे आणि त्या भिंतीवर जाहिरात दाखवायची नाही, असं त्यात ठरलेलं आहे. शहराच्या ऐन मध्यावरची अडीच एकर भिंत, आणि तिच्यावर काही विकायचं नाही! आपल्याकडे चौकाचौकांत एलईडीचे फलक लागले आहेत. गाडी चालवणाऱ्याचे डोळे दिपतात इतके ते रात्री झगझगतात आणि समोरच्या घरांतली झोप मोडतात. एखाद्या फलकावर आठवड्यातून एक संध्याकाळ त्या वस्तीतल्या मुलांची चित्रं, त्या वस्तीतल्या कामकरी बायकांचे चेहरे दिसले, तर काय होईल? मला वाटतं, लोक घरातून खाली उतरतील.

परतीच्या गाडीत मुलगा माझ्या मांडीवर झोपला. त्याच्या केसांना अजून ओल होती. भाची म्हणाली, "मावशी, मी इथे आले त्या वर्षी कुणालाच ओळखत नव्हते. शनिवारी येऊन त्या कारंज्यापाशी बसायचे. एका पावसाळी दुपारी आपल्याकडची वाटावी अशी एक बाई मनोऱ्यावर आली. कोण होती कुणास ठाऊक. मी पाच मिनिटं उभीच राहिले." ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

घरी परतल्यावर मी पुन्हा बागेत गेले. पाटी उतरवून नेली होती, खांब होता. पाराची तुटलेली बाजू तशीच. मी समितीच्या नव्या मंडळींना भेटले आणि म्हटलं, काहीही बसवायच्या आधी पंधरा दिवस संध्याकाळी इथे येऊन बसू. कोण येतं, किती वेळ थांबतं, कशासाठी थांबतं ते वहीत लिहू. मग पारावरच्या लोकांनाच विचारू. आधी पार बांधून घेऊ. एका निवृत्त वायरमन काकांनी वही स्वतःकडे घेतली. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं आहे: सहा वाजून दहा मिनिटं, तीन आज्या, एक नात, दिवा लागण्याची वाट बघत आहेत.

जानेवारीत भाचीने एक फोटो पाठवला. शिकागोत बर्फ पडलं होतं. हिवाळ्यात कारंज्याचं पाणी बंद असतं, चेहरे मात्र चालू असतात. मनोऱ्यावर एक तरुण शांतपणे बघतोय. खाली पांढऱ्या अंगणात, जाड कोटात गुरफटलेला तिचा मुलगा बरोबर तोटीच्या खाली उभा आहे, मान वर करून. त्याच्या शेजारी आणखी दोन मुलं, अनोळखी, तशीच मान वर करून.

फोटोखाली भाचीने लिहिलं होतं, "पाणी मे महिन्यात येईल म्हणून सांगितलं. तरी थांबलेत."